डांबरावरची सायकल आणि तळ्यातली सायकल

परभणी जिल्ह्यातल्या मानवत नगरपरिषदेने उद्या ठराव केला, की आपल्या ताब्यातल्या एखाद्या रस्त्याच्या कडेने शाळेपासून बाजारापर्यंत सायकलींसाठी वेगळा पट्टा आखायचा, तर त्यासाठी पर्यावरण खात्याची कोणती मंजुरी लागेल? कोणतीच नाही. रंग, चार फलक, सायकली लावायला लोखंडी कठडे आणि सर्वसाधारण सभेची संमती, एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराला हे इतके सोपे गेले नाही. तिथे पट्टे आखण्याचा आराखडा पर्यावरण कायद्याच्या कचाट्यात सापडला आणि चार वर्षे अडून राहिला. इकडे मुंबई महापालिकेने सायकल मार्ग म्हणजे पर्यावरणाचेच काम, अशा थाटात पवई तलावाच्या काठाने भराव टाकायला घेतला आणि ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की सायकलच्या प्रकल्पांना पर्यावरण परीक्षणातून सूट द्यावी का, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दिसू लागते. सूट जरूर द्यावी, पण ती वाहन बघून देऊ नये, जमीन बघून द्यावी. जिथे आधीच डांबर पडले आहे तिथे कागद मागू नयेत. जिथे पाणी, माती किंवा झाड आहे तिथे सायकलच्या नावावर इंचभरही सवलत असू नये.

आधी आपला कायदा कसा चालतो ते पाहू. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या आधारे १९९४ मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी आज लागू असलेली दुसरी. या अधिसूचनेला एक परिशिष्ट जोडलेले आहे. खाणी, औष्णिक वीज केंद्रे, सिमेंटचे कारखाने, विमानतळ, महामार्ग, वीस हजार चौरस मीटरांपासून पुढची बांधकामे अशी त्यात प्रकल्पांची यादी आहे. यादीत नाव असेल तर आधी अभ्यास, बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी आणि मग केंद्राची किंवा राज्याच्या प्राधिकरणाची मंजुरी. यादीत नाव नसेल तर या अधिसूचनेपुरता विषय संपला. सायकल मार्ग हा शब्द त्या यादीत नाही. म्हणजे आपल्याकडे सायकलला सूट कोणी विचार करून दिलेली नाही, ती कायद्याच्या मौनातून आपोआप मिळाली आहे. मौनातून मिळालेल्या सवलतीची अडचण अशी, की तिच्या हद्दी कोणी आखलेल्या नसतात. परवानगी लागत नाही म्हणजे काहीही चालते, असा तिचा अर्थ सोयीने लावता येतो.

कॅलिफोर्नियाची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. १९७० साली, रोनाल्ड रेगन तिथले राज्यपाल असताना, त्या राज्याने जो पर्यावरण गुणवत्ता कायदा केला, त्यात यादीतून सुरुवात होत नाही. सरकारी संस्थेचा कोणताही प्रकल्प किंवा तिने मंजूर केलेला प्रकल्प परीक्षणास पात्र आहे असे धरले जाते आणि मग सूट कोणाला, हे कायदा सांगतो. एखाद्या सामान्य नागरिकालाही या कायद्याखाली न्यायालयात जाता येते. सॅन फ्रान्सिस्कोने २००५ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला तेव्हा पालिकेचे म्हणणे होते, की रस्त्यावर पट्टे आखल्याने पर्यावरणाला काय होणार, हे उघडच आहे, अभ्यास कशाला हवा. ब्लॉग लिहिणाऱ्या एका नागरिकाने आपल्या वकिलासह याला न्यायालयात आव्हान दिले. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: गाड्यांची एक मार्गिका काढून सायकलला दिली, की गाड्या खोळंबतील, खोळंबलेली गाडी जास्त धूर सोडते, म्हणजे सायकलच्या पट्ट्याने हवा बिघडू शकते, आणि बिघडू शकते एवढे पुरेसे आहे, मग अभ्यास झालाच पाहिजे. शिवाय शहराने आराखड्याचे तुकडे करून मोठ्या कामाला किरकोळ भासवले, हाही आक्षेप होता. २००६ च्या जूनमध्ये न्यायालयाने मनाई दिली. नवे पट्टे तर थांबलेच, सायकल लावायचे नवे कठडेसुद्धा उभारता येईनात. मग तेराशेहून अधिक पानांचा अहवाल तयार झाला, त्यावर दहा लाख डॉलरहून जास्त खर्च झाला आणि मनाई पूर्णपणे उठायला ऑगस्ट २०१० उजाडला.

या प्रकरणाची टिंगल करणे सोपे आहे आणि ती भरपूर झाली. पण त्या माणसाचा तर्क वेडगळ नव्हता. त्या काळच्या नियमांत रस्त्याची गुणवत्ता मोजायची ती चौकात गाडीला किती सेकंद थांबावे लागते यावरून. गाडीचा खोळंबा हीच पर्यावरणाची हानी असे एकदा मोजपट्टीनेच ठरवले, की सायकल, बस आणि पायी चालणारा माणूस हे तिघेही पर्यावरणाचे शत्रू ठरतात. आणि रस्ता रुंद करणारा मित्र! पुढच्या अहवालातही काही चौकांत वाहतूक मंदावेल हे मान्य करावे लागले. तरीही फायदे मोठे आहेत असे सांगून शहराने आराखडा पुन्हा मंजूर केला. दोष एकट्या माणसाचा नव्हता, मोजपट्टीचा होता. कॅलिफोर्नियाने ती बदलायला २०१३ साली कायदा केला आणि जुलै २०२० पासून राज्यभर खोळंब्याऐवजी, एखाद्या प्रकल्पामुळे गाड्या एकूण किती अंतर धावतील, हे मोजायला सुरुवात झाली.

त्याच २०१३ साली तिथे आणखी एक छोटा कायदा झाला, आणि आपल्याला शिकण्यासारखे जास्त त्यात आहे. नागरी भागातल्या सायकल आराखड्यांना त्याने परीक्षणातून सूट दिली, पण कशाकशाला ते मोजून सांगितले: रस्त्यावरचे पट्टे पुन्हा आखणे, सायकली ठेवायच्या जागा, सिग्नलच्या वेळा आणि त्यासंबंधीचे फलक. बस. नवा भराव नाही, नवा पूल नाही, नदीकाठ नाही. त्याबरोबर दोन अटी घातल्या. पालिकेने वाहतुकीवर आणि सुरक्षिततेवर काय परिणाम होईल हे तपासायचे, आणि ज्या भागात काम होणार तिथे आगाऊ सूचना देऊन लोकांची सुनावणी घ्यायची. शिवाय सूट कायमची दिली नाही, तिला मुदत घातली. पुढे २०२० च्या कायद्याने ही कल्पना बस आणि पादचाऱ्यांच्या कामांपर्यंत वाढवली, तेव्हाही अट राहिली, की काम असलेल्या सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीतच हवे आणि त्याने गाड्यांसाठी जादा जागा तयार होता कामा नये. सूट मिळाली ती जाड अहवालातून, लोकांना विचारण्यातून नाही.

आता पवई. १८९०–९१ च्या सुमारास मुंबईला पाणी मिळावे म्हणून बांधलेला हा तलाव पिण्याच्या पाण्यासाठी फार काळ उपयोगी पडला नाही, पण पक्षी, मासे आणि मगरी यांचे ते घर झाले. मुंबई महापालिकेने तलावाभोवती सुमारे दहा किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग मार्ग आखला आणि काठाने दगडांच्या जाळ्या व भराव टाकायला सुरुवात केली. आयआयटी मुंबईतले संशोधक विद्यार्थी आणि 'वनशक्ती' ही संस्था न्यायालयात गेली. महापालिकेची बाजू दोन पायांवर उभी होती. एक, वापरलेले तंत्र असे आहे की पाणी झिरपत राहते, त्यामुळे तलावाला धोका नाही. दोन, २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, म्हणून पवईला ते नियम लागूच होत नाहीत. न्यायालयाने यातले काही मानले नाही. काम थांबवा, केलेले बांधकाम काढा आणि जागा पूर्ववत करा, असा आदेश झाला. त्याला स्थगिती मागितली गेली, तीही मिळाली नाही.

महापालिकेचा दुसरा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे, कारण तो मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात उद्या येऊ शकतो. पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीचे पात्र, भातखाचरे आणि पिण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी वा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय बाहेर ठेवले आहेत. आपल्या भागातले बहुतेक तलाव दुष्काळी कामांतून किंवा सिंचनासाठी बांधलेले आहेत. म्हणजे व्याख्या शब्दशः घेतली तर परभणी जिल्ह्यातल्या पाझर तलावांना या नियमांचे छत्र जवळजवळ उरतच नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशाच्या पाणथळ नकाशातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ जागांना आधीच्या, २०१० च्या पाणथळ नियमांतल्या चौथ्या नियमाच्या तत्त्वांनुसार संरक्षण दिले आहे, आणि पवईच्या निकालात त्या आदेशाचे वजन मोठे ठरले. तो चौथा नियम भराव आणि काठालगतचे पक्के बांधकाम यांना मनाई करतो. तलाव सुशोभीकरण नावाखाली जॉगिंग ट्रॅक, सायकल ट्रॅक, कारंजे आणि सेल्फी पॉइंट असा संच सध्या राज्यभर नगरपरिषदांच्या प्रस्तावांत दिसतो. त्यात सायकल असते ती प्रस्तावाला हिरवा रंग चढावा म्हणून. त्या मार्गावरून कोणी कामाला जात नाही, कोणी शाळेत जात नाही. संध्याकाळी दोन फेऱ्या मारायला लोक तिथे मोटारसायकलवर येतात.

सॅन फ्रान्सिस्कोत डांबरावर रंग मारायला अहवाल मागितला गेला आणि पवईत पाण्यात भराव टाकायला तो नको होता, हे उफराटे आहे. चूक दोन्हीकडे एकच आहे: प्रकल्पाचे नाव पाहून निर्णय. जमिनीकडे पाहिले तर फरक लगेच कळतो, कारण डांबरावरचा पट्टा चुकला तर तो खरवडून पुन्हा आखता येतो, पण बुजवलेला काठ पूर्ववत करा असा आदेश न्यायालयाने दिला तरी तिथली दलदल, अंडी घालायची जागा, उथळ पाण्यातली वनस्पती आदेशाने परत येत नाही. जे मागे घेता येते त्याला प्रयोगाची मुभा आणि जे मागे घेता येत नाही त्याला आधी अभ्यास, एवढी ही साधी वाटणी आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. आपल्याकडे सूट या शब्दाचा अनुभव वाईट आहे. २०२० साली केंद्राने मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तेव्हा त्यातल्या सवलती पाहूनच लाखो हरकती गेल्या. मग सायकलच्या निमित्ताने आणखी एक सवलत लिहून कशाला घ्यायची? याचे उत्तर असे, की मोठी सवलत आधीच दिलेली आहे आणि ती सायकलला दिलेली नाही. २०१३ च्या दुरुस्तीनंतर असलेल्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण शंभर किलोमीटरांहून लांब असेल आणि जुन्या मार्गावर चाळीस मीटरांपेक्षा जास्त जादा जमीन लागत असेल, तरच पर्यावरण मंजुरी लागते. त्याआधी ही मर्यादा तीस किलोमीटर आणि वीस मीटर होती. कल्याणहून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथरी, मानवत, परभणी, नांदेड या पट्ट्यातून जातो. अशा रस्त्यांचे रुंदीकरण होताना कडेचे जुने वड, लिंब, चिंच जातात, आणि तुकडा मर्यादेच्या आत बसला की त्यांचा हिशेब मूल्यांकनात होत नाही. दुसरे उदाहरण मुंबईतले. वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) सायकल मार्ग बांधले, तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि २०२५ मध्ये ते काढून जागा गाड्यांच्या मार्गिकांना द्यायचे ठरले. यादीत सायकल मार्ग बांधणे नाही तसे मोडणेही नाही, त्यामुळे मोडल्याने हवेवर काय परिणाम होईल हे विचारायची कायदेशीर गरज कोणालाच पडली नाही. लिखित, हद्द आखलेली सूट ही या मोकाट मौनापेक्षा कडक असते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेत हंगामात कापसाने भरलेले ट्रॅक्टर, छोटा हत्ती आणि बैलगाड्या यांनाच रस्ता पुरत नाही, तिथे सायकलला वेगळा पट्टा ही चैन नाही का? शिवाय सायकल आता चालवतो कोण? आकडे वेगळे सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती. राज्य सरकार स्वतः मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देते. सायकल दिली आणि ती चालवायला सुरक्षित कड दिली नाही, तर मुलगी पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाशेजारून जाते किंवा घरी बसते. लहान गावात अंतरे सायकलच्या मापाचीच असतात. बाजार समिती, शाळा, तहसील, बसस्थानक ही ठिकाणे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत, की महानगराला जे मार्ग कोट्यवधी रुपयांत बांधावे लागतात ते इथे बरेचसे रंगाने आणि शिस्तीने साधतील. कापसाचे वाहन बाजार समितीकडे ठरलेल्या रस्त्याने न्यावे आणि सायकलचा पट्टा दुसऱ्या रस्त्याला आखावा, हे नियोजनही फार अवघड नाही.

अडचण खरी कुठे आहे ते पुण्याने दाखवले. पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये आठशे किलोमीटरांहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. पर्यावरण मंजुरीने तो अडवला नाही. अडवले ते पट्ट्यावर उभ्या केलेल्या गाड्यांनी, मध्येच संपणाऱ्या फरशीने, चौकात पोचताच नाहीशा होणाऱ्या मार्गाने. भाड्याच्या सायकलींच्या कंपन्या वाजतगाजत आल्या आणि बऱ्याचशा निघून गेल्या. म्हणून आपल्याकडे कॅलिफोर्नियासारखी सूट आणल्याने सायकली वाढतील, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. लिखित सुटीचा उपयोग वेगळा आहे. ती पालिकेला सांगते, की हे काम तुला नक्की कुठे विनाकटकट करता येईल. आणि म्हणून पुढचा प्रस्ताव तलावाकडे न जाता रस्त्याकडे वळतो. आज उलटे होते. रस्त्यावर पट्टा आखायचा म्हणजे दुकानदारांशी भांडण, पार्किंग हलवणे, अतिक्रमण काढणे. तलावाकाठी भांडायला कोणी नसते. बगळे हरकत नोंदवत नाहीत.

दुकानदारांचे म्हणणे मात्र ऐकलेच पाहिजे, आणि कॅलिफोर्नियाने सुनावणीची अट का ठेवली ते इथे कळते. विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवायची पद्धत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यापासून, म्हणजे १९६६ पासून, आपल्या नगरपरिषदांच्या अंगवळणी आहे. सायकल पट्ट्यासाठी तीच पद्धत छोट्या स्वरूपात वापरता येईल: कोणत्या रस्त्यावर, किती रुंद, कोणत्या वेळेत मालाची वाहने उभी राहतील, आठवडी बाजाराच्या दिवशी काय करायचे. सहा महिने रंगाने चालवून बघायचे, मग पक्के करायचे. दुकानासमोरची जागा गेली की गिऱ्हाईक जाते ही भीती प्रत्यक्ष तपासता येते, कारण पट्टा तात्पुरता असतो.

झाडांचा मुद्दा शेवटी घेतला, पण मराठवाड्यात तो सर्वांत वरचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडून वर जातो आणि सावली नसलेल्या सायकल मार्गावर दुपारी कोणी फिरकणार नाही, तो कितीही गुळगुळीत असला तरी. म्हणून इथे रस्त्याकडेचा लिंब हा सायकल मार्गाचा भाग आहे. महाराष्ट्रातला १९७५ चा नागरी वृक्ष संरक्षण कायदा नगरपरिषदांनाही लागू आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. सायकल पट्ट्यासाठी या कायद्यातून सूट मागू नये, उलट पट्टाच झाडाला वळसा घालून न्यावा. रुंदी अर्ध्या मीटरने कमी झाली तरी चालेल. परभणी जिल्ह्यातून जाणाऱ्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेचा सेवारस्ता वापरण्याची कल्पनाही कोणी मांडेल. तिथे जमीन पाटबंधारे खात्याची आहे, रस्ता बराचसा तयार आहे, पण काँक्रीट, कठडे आणि दिवे यांची भर घालायची म्हटली की विषय डांबरावरून मातीवर येतो आणि परवानगीही मागावी लागते. नगरविकास खात्याने एक पानाचे परिपत्रक काढले तरी यातला बराच गोंधळ मिटेल. असलेल्या रस्त्याच्या हद्दीतली रंग, फलक, सिग्नल आणि सायकल ठेवायच्या जागांची कामे नगरपरिषदेने सुनावणी घेऊन स्वतःच्या अधिकारात करावीत. पाण्याच्या काठापासून पाणथळ नियमातल्या अंतराच्या आतले, पूररेषेच्या आतले किंवा झाड तोडावे लागेल असे कोणतेही काम, सायकलचे असले तरी, या सुटीत धरू नये. आणि असलेला सायकल मार्ग मोडायचा असेल तर त्याआधी तशीच सुनावणी घ्यावी.